केंद्राच्या छायेत प्रांत मोठे कसे होतात?

आडवाट

गेले दोन महिने कॅनडाच्या प्रांतांबद्दल वाचतोय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

१८६७ साली कॅनडाचं संघराज्य झालं, तेव्हा पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डोनल्ड यांना केंद्र बळकट हवं होतं. शेजारी अमेरिकेत यादवी नुकतीच संपलेली, आणि राज्यांना फार मोकळीक दिली की हे असं होतं, असं त्यांचं मत. त्यामुळे कोणताही कर बसवायचा अधिकार केंद्राला, प्रांतांना फक्त प्रत्यक्ष कर. जो विषय कुठे लिहिलेला नाही तो केंद्राचा. प्रांताने केलेला कायदा रद्द करायची मुभाही केंद्रालाच. कागद वाचला तर प्रांत म्हणजे थोड्या मोठ्या नगरपालिकाच.

आणि शंभर वर्षांनी काय दिसतं? फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेककडे स्वतःची वीज कंपनी, स्वतःची पेन्शन योजना, प्राप्तिकर गोळा करणारं स्वतःचं खातं. अल्बर्टाकडे तेलाच्या पैशांचा स्वतःचा निधी. सस्कॅचेवान या गव्हाच्या प्रांताने सुरू केलेला सार्वजनिक आरोग्य विमा पुढे सगळ्या देशाने घेतला. आणि १८६७ ची कलमं बऱ्याच अंशी तीच.

मग हे बळ आलं कुठून? मला वाटतं, प्रांताने स्वतः उभ्या केलेल्या संस्थांमधून. क्वेबेकचंच बघा. १९६२ साली तिथे जवळजवळ एकाच मुद्द्यावर निवडणूक झाली : खासगी वीज कंपन्या प्रांताने ताब्यात घ्याव्यात का? घोषणा होती 'मेत्र शे नू', म्हणजे आपल्या घरात आपणच मालक. ज्याँ लसाज मुख्यमंत्री, रने लेव्हेक खनिज-वीज खात्याचे मंत्री. ते जिंकले आणि १९६३ मध्ये ११ कंपन्या हायड्रो-क्वेबेक या प्रांताच्या कंपनीत आल्या. खर्च सुमारे ६० कोटी डॉलर, त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या बाजारातून कर्जाऊ. त्याआधी या धंद्यात वरच्या खुर्च्यांवर इंग्रजी बोलणारेच बसत. आता फ्रेंच बोलणारे इंजिनियर धरणं आखू लागले. १९६५ मध्ये त्यांनी ७३५ किलोव्होल्टची वाहिनी चालू केली, तेवढ्या दाबाची जगातली पहिली.

त्याच सुमारास केंद्राने देशभरासाठी पेन्शन योजना आणायचं ठरवलं. क्वेबेकने आपली वेगळी योजना मांडली आणि १९६६ पासून चालवली. वर्गणीचा पैसा ठेवायला 'केस द देपो' ही गुंतवणूक संस्था काढली. तेव्हापासून प्रांताचे कर्जरोखे घ्यायला घरचाच गिऱ्हाईक तयार झाला.

प्रश्न असा : अधिकार आधी की पैसा आधी? आणि ज्या प्रांताच्या हातात दोन्ही नाहीत, त्याने सुरुवात कुठून करायची?

खडक

आडवाट, संस्था वगैरे सगळं मान्य. पण आधी जमिनीखाली काहीतरी लागतं! क्वेबेकला नद्या होत्या, अल्बर्टाला तेल. मी खाणक्षेत्रातला माणूस, त्यामुळे माझा कल तिकडे असणारच.

पण माझ्याच मुद्द्यात एक मेख आहे, तीही सांगतो. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान १९०५ साली प्रांत झाले तेव्हा जमीन आणि खनिजं केंद्राने स्वतःकडेच ठेवली होती. जुन्या प्रांतांना मात्र ती पहिल्यापासून होती. या दोघांना आणि मॅनिटोबाला हा हक्क १९३० मध्ये मिळाला. अल्बर्टातल्या लडूकच्या विहिरीत तेल लागलं १३ फेब्रुवारी १९४७ ला. मधली सतरा वर्षं बघा. हाच शोध वीस-पंचवीस वर्षं आधी लागला असता तर स्वामित्वधन (रॉयल्टी) सगळं ओटावात, म्हणजे केंद्राच्या राजधानीत गेलं असतं, आणि आज अल्बर्टाचं नाव या धाग्यात निघालंही नसतं. म्हणजे भूगर्भ लागतोच, पण सातबारा कोणाच्या नावावर आहे तेही लागतं.

सांजवात

वाचतेय. खूप दिवसांनी असा धागा आला.

निळी शाई

खडक, सातबाराची उपमा अगदी चपखल. मी वकील आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारते : सातबारा नावावर असला तरी तुमचा हक्क कुठवर जातो हे ठरवतं कोण?

ऑलिव्हर मोवॅट हे नाव या धाग्यात यायलाच हवं. ऑन्टारियोचे मुख्यमंत्री, १८७२ ते १८९६, सलग चोवीस वर्षं. शिवाय स्वतःच महाधिवक्ता. मॅक्डोनल्डशी त्यांची लढाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये चालली, कारण तेव्हा शेवटचं अपील तिथे जायचं. आणि खटले कशावरून? दारूच्या परवान्यांवरून! १८८३ चा हॉज खटला तर एका गुत्त्यात बंदीच्या वेळेत बिलियर्ड खेळू दिलं म्हणून झालेला. निकाल असा की प्रांताचं विधिमंडळ हे कोणाचं मुखत्यार नाही, आपल्या विषयांपुरतं ते पूर्ण अधिकाराचं आहे. १८९२ च्या निकालाने तेच आणखी पक्कं केलं. मॅक्डोनल्डने लिहिलेली घटना मोवॅटने कोर्टात निराळी वाचून घेतली.

परवाना लहान गोष्ट दिसते. पण परवान्यातून महसूल येतो, निरीक्षक नेमावे लागतात, गावोगाव प्रांताचा माणूस दिसू लागतो. म्हणून भांडण तिथे झालं.

उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९४२ पर्यंत तिथली राज्यं स्वतःचा प्राप्तिकर घ्यायची. महायुद्धात केंद्राने सगळा प्राप्तिकर स्वतःकडे घेतला, राज्यं कोर्टात गेली आणि हरली. १९५७ मध्ये पुन्हा गेली, मुख्य मुद्द्यावर पुन्हा हरली. युद्ध संपलं, कर काही परत आला नाही.

आणि आपल्याकडचं ताजं : २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की खनिजावरचं स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिज-हक्कांवर कर बसवायचा अधिकार राज्यांना आहे. स्वामित्वधन हा करच आहे असं १९८९ मध्ये म्हटलं गेलं होतं. पस्तीस वर्षं खाणीवाली राज्यं त्या एका वाक्याखाली अडकून होती.

उत्तरध्रुव

मी बरीच वर्षं अल्बर्टात राहतेय, म्हणून इथलं थोडं सविस्तर लिहिते.

पीटर लॉहीड १९७१ ते १९८५ मुख्यमंत्री होते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा त्यांनी स्वामित्वधन वाढवलं. कंपन्या ओरडल्या, तरी वाढवलं. प्रांताची स्वतःची ऊर्जा कंपनी काढली, तेलवाळूतून तेल कसं काढायचं यावर संशोधनासाठी १९७४ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. खासगी कंपन्यांना ते तंत्र तेव्हा परवडणारं नव्हतं. १९७६ मध्ये हेरिटेज फंड निघाला : तेल-वायूच्या उत्पन्नातले ३० टक्के बाजूला, पुढच्या पिढीसाठी.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राचा राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आला. तेलाची किंमत केंद्र ठरवणार, नवे कर केंद्राचे. लॉहीड टीव्हीवर आले आणि म्हणाले, आम्ही उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी करतो. आणि केलं! पुढच्या सप्टेंबरात पंतप्रधान पिएर त्रुदो आणि ते करार करून मोकळे झाले. १९८२ च्या घटनादुरुस्तीत नैसर्गिक संपत्तीवरचा प्रांताचा हक्क आणखी स्पष्ट करणारं ९२-अ कलम आलं. माझ्या ओळखीतली वयस्कर मंडळी आजही हा प्रसंग कालच घडल्यासारखा सांगतात, आणि सांगताना आवाज चढतो.

पण मला याच प्रांताबद्दल तितकंच दुःखही आहे. १९८३ मध्ये ते ३० टक्क्यांचे १५ झाले, १९८७ मध्ये भरणं थांबलंच. नॉर्वेने निधीचा कायदा केला १९९० मध्ये, म्हणजे अल्बर्टानंतर चौदा वर्षांनी, आणि आज त्यांचा निधी कितीतरी पटींनी मोठा आहे. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही. तेलाचे पैसे थेट रोजच्या खर्चाला जातात. भाव पडला की शाळा आणि दवाखान्यांच्या तरतुदींवर पहिली कुऱ्हाड. २०१५ मध्ये भाव कोसळले तेव्हा माझ्या सोबतचे निम्मे लोक वर्षभरात घरी बसले होते. बळ कमावणं आणि टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी इथे नीट झाली नाही असं मला मनापासून वाटतं.

ताळेबंद

वरचे सगळे प्रतिसाद आवडले, पण मी तिघांशीही थोडा असहमत. एका राज्याच्या वित्त खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. तिथून जे दिसलं ते लिहितो.

राज्य बळकट आहे की नाही हे पाहायचं असेल तर एकच पाहा : उत्पन्नातला किती पैसा तुम्ही स्वतः ठरवलेल्या दराने, स्वतःच्या माणसांकरवी गोळा करता, आणि किती पैसा दुसऱ्याच्या अटींवर येतो. केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा येतो तो लेखाशीर्षासकट, म्हणजे कशावर खर्चायचा ते ठरूनच येतो. ६०:४० ची योजना असेल तर आमचे ४० आधी काढून ठेवा. ते काढायचे कुठून? राज्याच्या स्वतःच्या योजनांतून. एके वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राचा हिस्सा आला. तो खर्ची टाकायचा तर आमचा हिस्सा लगेच दाखवणं भाग होतं. एका पाणीयोजनेची तरतूद वळवली. ती गावं मी स्वतः पाहिली होती. त्या टिपणीवरची माझी सही मला आजही टोचते.

आणि हळूहळू काय होतं ते सांगतो. खात्यातली हुशार पोरं प्रस्ताव लिहिण्यात तरबेज होतात. कर कुठे गळतो, कोणत्या तालुक्यात का गळतो, हे शोधणारं कोणी उरत नाही. कारण त्याचं कौतुक होत नाही, अनुदान आणणाऱ्याचं होतं.

म्हणून मला कॅनडातल्या गोष्टींपैकी सगळ्यात मोठी वाटते ती सस्कॅचेवानची. १९४४ मध्ये टॉमी डग्लसचं सरकार आलं. प्रांत कर्जात, दुष्काळाची दशकभराची झळ ताजी. त्यांनी १९४६ मध्ये अर्थसंकल्पाची स्वतंत्र शाखा उभी केली, तरुण आणि शिकलेली माणसं तिथे बसवली. १९४७ मध्ये इस्पितळ विमा आला, आणि डॉक्टरांच्या फीचा विमा १९६२ मध्ये. त्यावर डॉक्टरांचा तेवीस दिवस संप झाला, तरी योजना टिकली. केंद्राने १९६६ मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. १९६४ मध्ये तिथलं सरकार पडलं तेव्हा त्या शाखेतले अधिकारी ओटावात आणि इतर प्रांतांत गेले आणि मोठमोठ्या पदांवर पोचले. प्रांताची खरी कमाई ती माणसं होती.

गणितवेडा

ताळेबंद काका, +१. एक भर. हे जुनंच आहे. १८१७ मध्ये अमेरिकेत रस्ते-कालव्यांना केंद्राचा पैसा द्यायचं विधेयक अध्यक्ष मॅडिसन यांनी पद सोडायच्या आदल्या दिवशी नाकारलं. न्यूयॉर्क राज्याने चार महिन्यांत स्वतःच्या पैशावर ईरी कालवा खणायला घेतला. ३६३ मैल, १८२५ मध्ये पुरा, सुमारे ७० लाख डॉलर. टोलवसुलीतून कर्ज फिटलं आणि न्यूयॉर्क शहर देशातलं पहिल्या क्रमांकाचं बंदर झालं.

पण पुढचं पानही वाचायला हवं. ते यश पाहून बाकीच्या राज्यांनीही भरमसाट कर्जं काढून कालवे आणि रेल्वे काढल्या. १८३७ ची मंदी आली आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हानिया, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन अशी अनेक राज्यं हप्ते चुकली. केंद्राने त्यांची कर्जं अंगावर घेतली नाहीत. त्यातून अनेक राज्यांनी आपापल्या घटनेतच कर्जावर मर्यादा घालून घेतली.

ब्राझीलमध्ये उलटं झालं. राज्यांच्या स्वतःच्या बँका, त्या राज्यांनाच कर्ज देणार, आणि शेवटी केंद्र सोडवणार. जानेवारी १९९९ मध्ये मिनास जेराइस राज्याने केंद्राचं देणं थांबवलं आणि सगळ्या देशाचं चलन हादरलं. संस्था उभी करणं चांगलंच, पण तिला नाही म्हणणारं कोणीतरी हवं.

रानपाखरू

इतके प्रतिसाद झाले आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. प्रांत बळकट झाला म्हणजे प्रांतातली सगळी माणसं बळकट झाली असं नाही.

आडवाट, तुम्ही हायड्रो-क्वेबेकचं इतकं भरभरून लिहिलंत. १९७१ मध्ये मुख्यमंत्री बुरासा यांनी जेम्स बे प्रकल्प जाहीर केला. ज्या नद्यांवर धरणं होणार तिथे क्री आणि इनुइट हे मूळनिवासी लोक हजारो वर्षं राहत होते. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. क्री तरुण कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवायचा हुकूम दिला, आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो उठवला. काम चालूच राहिलं. अखेर ११ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला. जलाशयात बुडालेल्या जंगलातून पाण्यात पारा उतरला, माशांत गेला, आणि ज्यांचं रोजचं अन्न मासे त्यांना मासे कमी खा असं सांगायची पाळी आली.

'आपल्या घरात आपणच मालक' या घोषणेतले 'आपण' कोण, हा प्रश्न विचारायलाच हवा. मी विस्थापितांबरोबर काम केलंय. धरण केंद्राचं की राज्याचं, याने बुडणाऱ्या घराला काही फरक पडत नाही.

अबोली

रानपाखरू, पूर्ण सहमत. आणि एका प्रांताचं बळ दुसऱ्या प्रांताच्या मुळावर येतं, त्याचंही उदाहरण क्वेबेकचंच आहे.

लॅब्राडोरमधला चर्चिल फॉल्स वीज प्रकल्प न्यूफाउंडलँड प्रांतात आहे, ५,४२८ मेगावॅट. वीज बाहेर न्यायची तर वाट क्वेबेकमधूनच. १९६९ मध्ये हायड्रो-क्वेबेकशी करार झाला, पहिली ४० वर्षं आणि पुढची २५, म्हणजे २०४१ पर्यंत. दर जवळजवळ गोठवलेले, आणि शेवटच्या २५ वर्षांत युनिटला सेंटचा पाचवा हिस्सा! मधे तेलसंकट आलं, विजेचे भाव कुठल्या कुठे गेले, करार मात्र तोच. न्यूफाउंडलँडने कोर्टाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा झिजवल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार हा करार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रांतांनी नव्या दरांसाठी सामंजस्य करारावर सह्या केल्या.

नदी त्यांची, धबधबा त्यांचा. वाट मात्र दुसऱ्याच्या अंगणातून.

आडवाट

रानपाखरू, अबोली, दोघींचे मुद्दे पोचले. जेम्स बेचं मी वाचलं होतं, तरी पहिल्या पोस्टमध्ये ते आलं नाही. यायला हवं होतं.

गणितवेडा

थोडं अवांतर. प्रांत आपापली अर्थव्यवस्था इतकी जपतात की देशाच्या आतच नाके उभे राहतात. २०१२ मध्ये न्यू ब्रन्सविकचे एक निवृत्त गृहस्थ शेजारच्या क्वेबेकमधून बिअरची १४ खोकी आणि दारूच्या तीन बाटल्या स्वस्तात घेऊन आले. पोलिसांनी धरलं, सगळा मिळून २९२ डॉलर ५० सेंट दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये तिथे प्रांत जिंकला. म्हणजे मोवॅटच्या गुत्त्यापासून १३५ वर्षं झाली, भांडणाचा विषय तोच.

निळी शाई

गणितवेडा, आपल्याकडेही वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ ला आला तेव्हा राज्यांनी पिण्याचं मद्य बाहेर ठेवलंच ना. पेट्रोल-डिझेलही अजून बाहेर. स्वतः दर ठरवता येईल असं फार थोडं राज्यांकडे उरलंय. या कराचे निर्णय घेणाऱ्या परिषदेत केंद्राचं मत एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतं. केंद्राशिवाय काही होऊ शकत नाही. ताळेबंदांचा 'स्वतः ठरवलेला दर' इथे सुटलाय, असं मला वाटतं.

ताळेबंद

बरोबर. आणि केंद्राच्या उपकर-अधिभारांत राज्यांना वाटा नसतो, हेही त्यात धरा. वित्त आयोगाची टक्केवारी ४१ दिसते, ती विभाज्य निधीच्या, म्हणजे उपकर-अधिभार वगळून वाटायला उरलेल्या पैशाच्या ४१ असते.

सांजवात

आता मीही लिहिते. मी म्युनिकजवळ काही वर्षं काम केलं. खडक म्हणाले जमिनीखाली काहीतरी लागतं. बव्हेरियाकडे कोळसा जवळजवळ नव्हता, तेल नाही, समुद्र नाही. युद्धानंतर तो शेतकऱ्यांचा, मागे पडलेला प्रांत होता. जर्मनीत श्रीमंत राज्यं गरीब राज्यांना पैसे देतात, त्यात बव्हेरिया १९८६ पर्यंत घेणाऱ्यांत होता. आज देणाऱ्यांत सगळ्यात मोठा.

आणि तिथल्या राज्यांना स्वतःचे करदर ठरवायला फारच थोडी जागा. मग केलं काय? साठच्या दशकात अर्थव्यवहार खात्याचे मंत्री ऑटो शेडल यांनी हट्टाने इंगोलश्टाटला तेलशुद्धीकरण कारखाने आणले, आणि १९६७ मध्ये इटलीच्या त्रिएस्तहून आल्प्स ओलांडून तेलवाहिनी आली. कोळसा लांबून आणायचा खर्च वाचला. रेगेन्सबुर्ग, आउग्सबुर्ग, बायरॉइट, पासाउ अशी नवी विद्यापीठं एकापाठोपाठ काढली, तीही मागासलेल्या भागांत. नव्वदच्या दशकात राज्याच्या मालकीच्या वीज वगैरे कंपन्यांतले हिस्से विकले आणि पैसा संशोधनात घातला.

शिवाय बुंडेसराट. जर्मनीच्या वरिष्ठ सभागृहात राज्यांची सरकारंच बसतात, प्रत्येकाला ३ ते ६ मतं. आणि सीएसयू हा पक्ष निवडणूक फक्त बव्हेरियात लढवतो, पण केंद्रातल्या सरकारात वारंवार मंत्रिपदं घेतो. पैसा आणि अधिकार दोन्ही बेताचे असले तरी केंद्राच्या टेबलावर खुर्ची असणं हेही बळच.

खडक

सांजवात, मान गये. माझा मुद्दा मी अर्धा मागे घेतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी एक पुरावा देतो. १८९८ मध्ये ऑन्टारियोने नियम केला की सरकारी जंगलातला पाइन तिथेच कापायचा, ओंडके मिशिगनच्या गिरण्यांना जाणार नाहीत. काही गिरण्याच मग सीमा ओलांडून इकडे आल्या. कच्चा माल सगळ्यांकडे असतो, तो इथेच कापा असं म्हणायला धाडस लागतं.

ताळेबंद

सांजवात यांच्या प्रतिसादाने मला आपल्याच घरातली गोष्ट आठवली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर चालली. १९७५ मध्ये तिच्या पैशासाठी व्यवसाय कर लावला, १९७७ मध्ये कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून महिन्याला काही रुपये, आणि त्यावर गावातल्या मजुराचा कामाचा हक्क. तेल नाही, खाण नाही. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी कायदा केला तो याच वाटेने. सस्कॅचेवानसारखंच. आधी एका राज्याने करून दाखवलं, नियम लिहिले, हजेरीपट कसा ठेवायचा ते शिकलं. त्या हजेरीपटांत गोंधळही खूप होते, मी ते तपासलेत. पण ते गोंधळ आधी इथे झाले म्हणून दिल्लीला शिकायला मिळालं.

उत्तरध्रुव

आडवाट, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी अजून सरळ उत्तर दिलं नाही : दोन्ही नसेल तर काय? मला अल्बर्टाचंच उदाहरण सापडलं, तेलाच्या आधीचं.

१९३० चं दशक, महामंदी. अल्बर्टाने एप्रिल १९३६ मध्ये आपल्या रोख्यांचे पैसे बुडवले. असं करणारा कॅनडातला हा एकमेव प्रांत. म्हणजे पैसा शून्य. शेतकऱ्यांना बँका कर्ज देईनात, गावातल्या शाखा बंद होत चाललेल्या. विल्यम अॅबरहार्ट यांच्या सरकारने बँकांवर नियंत्रण आणणारे कायदे केले. बँकिंग केंद्राचा विषय, त्यामुळे काही कायदे केंद्राने रद्द केले, काही कोर्टाने पाडले. म्हणजे अधिकारही शून्य.

मग १९३८ मध्ये सरकारने 'ट्रेझरी ब्रँच' उघडल्या. नाव बँक नाही, कागदावर ती प्रांताच्या तिजोरीचीच शाखा. ठेवी घ्यायच्या, पैसे इकडून तिकडे पाठवायचे. तिजोरी चालवायला प्रांताला कोण अडवणार? ती संस्था आज ८० हून अधिक वर्षं चालू आहे. तेल लागलं त्याच्या नऊ वर्षं आधी ती उभी होती. अॅबरहार्ट यांची पैशाबद्दलची बाकीची मतं मला पटत नाहीत, आणि वर्तमानपत्रांना वेसण घालायचा त्यांचा कायदा तर वाईटच होता. पण बंद दारांमध्ये उघडी खिडकी त्यांनी शोधली.

आडवाट

उत्तरध्रुव, हेच शोधत होतो! तिजोरीची शाखा हे माझ्या वाचनात आलं नव्हतं. म्हणजे 'अधिकार की पैसा' हा माझा प्रश्नच थोडा चुकला. आपल्याकडे आधीच जे निर्विवाद आहे, मग ती तिजोरी असो की गुत्त्याचा परवाना, ते किती ताणता येतं हे पाहायला हवं होतं.

रानपाखरू

धागा इथवर आलाय तर क्री लोकांचं पुढचं सांगते. मागच्या प्रतिसादात मी अर्ध्यावर थांबले होते.

१९७५ च्या करारात त्यांनी फक्त भरपाई घेतली नाही. स्वतःचं शाळा मंडळ मागून घेतलं, स्वतःचं आरोग्य मंडळ, स्वतःचं प्रादेशिक प्राधिकरण. शाळेत क्री भाषा आली. भरपाईच्या पैशातून बांधकाम कंपनी काढली, १९८२ मध्ये 'एअर क्रीबेक' ही विमानसेवा काढली, आणि १९८८ पासून ती पूर्ण त्यांच्या मालकीची आहे. ग्रेट व्हेल नदीवरचा पुढचा प्रकल्प त्यांनी न्यूयॉर्कपर्यंत जाऊन लढवला आणि १९९४ मध्ये तो बाजूला ठेवला गेला. २००२ मध्ये प्रांताने त्यांच्याशी सरकार-सरकार म्हणून नवा करार केला, ५० वर्षांत साडेतीन अब्ज डॉलर. क्वेबेकने ओटावाशी जे केलं तेच क्री लोकांनी क्वेबेकशी केलं.

बुडालेली नदी परत आली नाही, हेही लिहायला हवं.

ताळेबंद

रानपाखरू, त्या शाळा मंडळाला पैसा कोण देतं? प्रांत की केंद्र?

रानपाखरू

दोघंही. करारातच तसं लिहून घेतलंय.